आषाढात पिवळे पडलेले बांध: ग्लायफोसेटबद्दल माहिती हवी आहे

चाकरमानी_भांडुप
६ जुलै, रात्री १०:४०

मागच्या आठवड्यात तुतारी एक्सप्रेसने गावी गेलो होतो. संगमेश्वरहून रिक्षाने पाऊण तास आत आमची वाडी. पाऊस लागून तीन आठवडे झालेले, डोंगर, परडं, गडग्यावरचं शेवाळ, सगळीकडे हिरवंगार. आणि आमच्या खालच्या खाचरांचे बांध मात्र पेंढ्यासारखे पिवळे. लांबून वाटलं कुणी भाताचा पेंढा पसरून ठेवलाय. जवळ गेलो तर गवत उभंच होतं, पण मेलेलं. ओढलं तर मुळासकट हातात आलं.

शेती चुलतभाऊ बघतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "दादा, गवत कापायला माणूस नाय. पंप मारला, सकाळच्या दोन तासांत काम झालं." गड्याला पाचशे रुपये, वर जेवण आणि दोन वेळचा चहा. तेवढं देऊनही येईलच याची खात्री नाही. वाडीत चोवीस घरं, त्यातल्या अकरांना कुलूप. उरलेल्यांत साठीच्या आतले पुरुष हाताच्या बोटांवर मोजावेत.

आई आता चौऱ्याहत्तरची. तिचं दुखणं वेगळंच. "टाकला गावला नाय यंदा बांधाला," एवढंच म्हणाली. दरवर्षी पहिल्या पावसानंतर पंधरा दिवस आमच्याकडे टाकळा आणि कुर्डू या रानभाज्या बांधावरूनच यायच्या.

खरा धक्का बसला तो न्हाणीघरात. पाणी घ्यायला एक पांढरा प्लास्टिकचा कॅन, वरचा भाग कापून त्याचा डबा केलेला. अर्धा कागद फाटलेला, उरलेल्या अर्ध्यावर 'ग्लायफोसेट ४१ टक्के एसएल'. घरातली लहान मुलं त्यातून पाणी अंगावर घेतात.

मी भावाला काहीच बोललो नाही. बोलायचा मला अधिकार आहे का, हेच कळेना. मी १९९४ पासून भांडुपला. गणपतीला पाच दिवस, शिमग्याला तीन. बांध त्याने राखायचे आणि तणनाशक मारू नको हे मी इथून सांगायचं, हे मनाला पटत नाही. पण गप्प बसणंही पटत नाही. ज्यांना या औषधाची नीट माहिती आहे त्यांनी कृपया लिहा. व्हॉट्सॅपवर फिरणारे संदेश नकोत, ते बरेच वाचून झाले.

दादरकरीण
६ जुलै, रात्री ११:१५

टाकळ्याचं वाचून राहवलं नाही. दादर स्टेशनबाहेर पश्चिमेला पावसाळ्यात ज्या बायका रानभाज्या घेऊन बसतात त्यांच्याकडून मी वीस वर्षं भाजी घेते. शेवळं, करटोली, फोडशी, टाकळा, भारंगी. यंदा कसाऱ्याकडची एक मावशी जुडी बांधता बांधता आपणहून म्हणाली, "बांधावरची नाय ताई, वरच्या रानातली हाये." मला तेव्हा कळलं नाही ती हे का सांगतेय. आता कळलं. त्या बायकांना माहीत आहे. त्या बांध सोडून लांब चढून जातात आणि मग आपल्यापर्यंत भाजी येते.

निवृत्त_रसायनवाला
७ जुलै, सकाळी ७:०५

शेतीऔषधांच्या क्षेत्रात एकतीस वर्षं काम केलं, आता मुलुंडला निवृत्त जीवन. जे पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो.

आधी तो कॅन. आजच फोन करा. कितीही धुतला तरी असा कॅन घरात वापरायचा नसतो. तीनदा विसळायचा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि मग कॅनला भोकं पाडायची, म्हणजे कुणी पाण्याला, रॉकेलला, तेलाला घेणार नाही. बाकीची चर्चा नंतर.

आता औषध. ग्लायफोसेट तण मारतं हे मोन्सँटो कंपनीतले जॉन फ्रान्झ यांनी १९७० मध्ये शोधलं आणि १९७४ मध्ये ते 'राउंडअप' नावाने बाजारात आलं. पेटंट संपल्यावर शेकडो नावांनी निघालं. गावात कुठल्याही कंपनीच्या कॅनला राउंडअपच म्हणतात.

ते पानातून आत शिरतं आणि अन्नरसाबरोबर मुळापर्यंत जातं. वनस्पतीत ईपीएसपीएस नावाचं एक विकर असतं. त्याच्या जोरावर झाड तीन आवश्यक अमिनो आम्लं बनवतं. ग्लायफोसेट नेमकं तेच बंद पाडतं. झाड एकदम करपत नाही, उपासमारीने मरतं. म्हणून आठवडाभर काही दिसत नाही, मग पिवळं, मग तपकिरी. हराळी आणि लव्हाळा खुरप्याला दाद देत नाहीत, कारण जमिनीखालची कांडी आणि गाठी शिल्लक राहतात. हे औषध खाली उतरतं, म्हणून शेतकऱ्याला ते जादूसारखं वाटलं. अर्थात लव्हाळ्याच्या साखळीतल्या झोपलेल्या गाठी एका फवारणीत मरत नाहीत. तो पुन्हा येतो, आणि मग पुन्हा पंप.

हा अमिनो आम्लांचा रस्ता माणसात किंवा जनावरात नाही. म्हणून कंपन्या 'माणसाला निर्धोक' म्हणत आल्या. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं त्यातून आपोआप निघत नाही, आणि ते मी तेव्हाही मानलं नाही. बुरशीत आणि कित्येक जिवाणूंत हा रस्ता आहे, म्हणजे मातीतही आहे. शिवाय कॅनमध्ये नुसतं ग्लायफोसेट नसतं. औषध पानाला चिकटावं म्हणून साबणासारखा पदार्थ घातलेला असतो. जुन्या मिश्रणांतला तो पदार्थ मासे आणि बेडकांना मूळ औषधापेक्षा जास्त घातक ठरला. तुमच्या खाचरात पाणी उभं आहे, हे लक्षात घ्या.

आणखी एक. मातीला लागलं की हे औषध घट्ट चिकटतं आणि तणावर निकामी होतं. गढूळ पाण्यात कालवू नका म्हणतात ते त्यामुळेच. कोकणच्या जांभ्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर, तिथे ते आणखी घट्ट धरलं जातं. विहिरीत झिरपण्याची भीती म्हणून कमी. पण तीच माती वाहून ओढ्याला गेली तर तिच्याबरोबर औषधही जातं. आणि मुळं मेलेला बांध आषाढातल्या पावसात किती टिकतो हे भावालाच विचारा.

निंदणी_केलेल्या_बाईची_लेक
७ जुलै, सकाळी ९:३०

वरचं सगळं मान्य. पण माझं ऐका.

माझी आई बीड जिल्ह्यात पंचवीस वर्षं लोकांच्या रानात खुरपायला गेली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, उकिडवं बसून, खुरप्याने, एका पाठोपाठ एक पात. पावसाळ्यात चिखल, भाद्रपदात ऊन. तिच्या उजव्या हाताची तर्जनी आजही पूर्ण सरळ होत नाही. गुडघे पन्नाशीतच गेले. खुरपणी हे बायकांचं काम, म्हणून त्याची मजुरी कायम गड्याच्या निम्मी. त्या कामाबद्दल कुणी धागा काढला नाही.

तणनाशक आलं तेव्हा तिची पहिली प्रतिक्रिया होती, "बरं झालं, सुटले." दुसऱ्या वर्षी तिला खुरपणीला बोलावणंच बंद झालं आणि भाद्रपदातले पैसे गेले. ही दोन्ही वाक्यं माझ्या आईचीच आहेत. आज ती माझ्याकडे घाटकोपरला असते. मला यातलं एकच वाक्य निवडता येत नाही.

वऱ्हाडी
७ जुलै, दुपारी १:२०

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. आमच्याकडे निंदण म्हणतात, बाकी सगळं तेच.

मी यवतमाळचा, नोकरी अंधेरीत. कापसाचं सांगतो. साध्या बीटी कपाशीवर (बोंडअळी रोखणारं वाण) ग्लायफोसेट पडलं की कपाशी मरते, कारण हे औषध हिरवं ते सगळं मारतं, निवड करत नाही. म्हणून लोक दोन ओळींच्या मधून नोझलला प्लास्टिकची टोपी लावून मारतात. वारा आला की ओळ गेली. यातून आलं चोरबीटी. म्हणजे तणनाशक सहन करणारी एचटीबीटी कपाशी. तिला देशात परवानगी नाही, तरी बियाणं येतं. मान्यतेसाठी कंपनीने अर्ज केला होता, तो २०१६ मध्ये मागे घेतला. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरली आणि सांगितलं, आम्हाला तंत्रज्ञान निवडू द्या. त्या मागणीमागचा राग मला समजतो. माझ्या काकांनी तीन वर्षं चोरबीटी लावली. एका वर्षी पाकीट बनावट निघालं, फवारल्यावर तणाबरोबर अर्धी कपाशी झोपली. बिलच नाही, तर तक्रार कुठे करणार? चोरीच्या मालाची तक्रार नसते.

एक गल्लत नेहमी होते, ती दूर करतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ती विषबाधा कीटकनाशकांची होती, तणनाशकाची नाही. माझ्या गावचे लोक त्यात होते, म्हणून हे दोन विषय एकत्र केलेले मला सहन होत नाहीत. फवारणारा माणूस मात्र तोच असतो. तोच पाठीवर गळणारा पंप, अनवाणी पाय, तोंडाला फार तर रुमाल.

मुलांची_आई_पवई
७ जुलै, दुपारी ३:४५

कॅन्सरचं कुणीच बोलत नाही. अमेरिकेत कोर्टाने सिद्ध केलं ना? मग आपल्याकडे सरळ बंदी का नाही?

निवृत्त_रसायनवाला
७ जुलै, संध्याकाळी ६:१०

बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'मानवात बहुधा कर्करोगकारक' या गटात, म्हणजे २ए मध्ये टाकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने म्हटलं की तशी शक्यता दिसत नाही. दोघांनी तपासलं ते वेगळं होतं. पहिल्यांनी शुद्ध ग्लायफोसेटबरोबर बाजारातली मिश्रणंही पाहिली. दुसऱ्यांनी फक्त शुद्ध ग्लायफोसेट पाहिलं. युरोपने २०२३ मध्ये आणखी दहा वर्षांची मुदतवाढ दिली.

कोर्टाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने शाळेच्या मैदानांची निगा राखणाऱ्या एका माणसाला २८ कोटी ९० लाख डॉलर भरपाई दिली. पुढे ती रक्कम बरीच कमी झाली. मोन्सँटो तोवर बायरने विकत घेतली होती. २०२० मध्ये बायरने हजारो दावे मिटवण्यासाठी हजार कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजायची तयारी दाखवली, दोष मात्र मान्य केला नाही. कोर्टाचा निकाल हा शास्त्राचा निकाल नसतो. पण त्या खटल्यांत कंपनीची अंतर्गत पत्रं बाहेर आली आणि आमच्या धंद्यातल्या पुष्कळांची मान खाली गेली. माझीही.

माझं मत विचाराल तर धोक्याच्या रांगेत पहिला उभा आहे पंप पाठीवर घेणारा. पवईत भाजी खाणारा त्याच्या बराच मागे. पालेभाजीवर हे थेट मारता येत नाही, कारण भाजीच मरेल. कॅनडासारख्या देशांत मसूर काढणीआधी सारखा वाळावा म्हणून उभ्या पिकावर मारायची मुभा आहे, तिथे प्रश्न वेगळा होतो.

आपल्याकडे याची मान्यता चहाच्या मळ्यांसाठी आणि बिनपिकाच्या जागेसाठी होती. पंजाबने २०१८ मध्ये, केरळने २०१९ मध्ये विक्रीवर बंदी आणली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की हे औषध फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरायचं. आता चाकरमानी यांच्या वाडीत असा ऑपरेटर कुठून येणार, सांगा. आणि नुसती बंदी घातली की दुकानदार दुसरा कॅन पुढे करतो. तो पॅराक्वाटचा असला तर? त्याचा एक घोट पोटात गेला तरी माणूस वाचणं कठीण. म्हणून बंदी या एका शब्दाची मला भीती वाटते.

रात्रपाळी
७ जुलै, रात्री ११:५०

मी नर्स आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयात. एवढंच सांगायचं आहे की विषबाधेचा रुग्ण आणताना बाटली किंवा तिच्यावरचा कागद बरोबर आणा. 'गवताचं औषध' एवढंच नातेवाईक सांगतात आणि त्यात तीन-चार अगदी वेगळी विषं येतात. ग्लायफोसेटला उतारा म्हणून वेगळं औषध नाही, लक्षणं सांभाळत उपचार करावे लागतात. पॅराक्वाटचं वर लिहिलंय ते खरं आहे. घरी उलटी करवू नका. आणि कुठलंही औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका. आमच्याकडे आलेला एक मुलगा सहा वर्षांचा होता.

नेरळवाला
८ जुलै, सकाळी ८:२५

इथे सगळे या औषधाकडे खलनायक म्हणून बघतायत, म्हणून मी वेगळा अनुभव लिहितो. आमची कर्जत तालुक्यात चार एकर भातशेती, मी रोज लोकलने ठाण्याला जातो. सात वर्षं झाली, सगुणा भात तंत्राने करतो. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ते रुजवलं. एकदा गादीवाफे करायचे, मग नांगरट नाही, चिखलणी नाही, आवणी (रोपांची लावणी) नाही. टोकणणी करायची, म्हणजे बी थेट टोचून पेरायचं. भात कापल्यावर धसकटं मातीतच ठेवायची आणि ती पुन्हा फुटू नयेत म्हणून तणनाशक. मुळं जागेवर कुजतात, त्यांच्या नळ्यांतून पाणी आणि हवा खाली जाते. पूर्वी आमच्या खाचरातून पावसात लाल पाणी वाहायचं, आता बरंच नितळ येतं. गांडुळांची विष्ठा वाफ्यावर हाताला लागते.

मला कुणी सांगितलं की औषधाचा एक थेंबही नको, तर मला पुन्हा नांगराकडे जावं लागेल. नांगरानेही माती मरते, फक्त ते दिसत नाही. वर्षातून मोजून एक-दोन फवारण्या, बिनवाऱ्याच्या सकाळी, पुढचे सहा-सात तास पाऊस नसताना, बूट आणि हातमोजे घालून. बांधावर मी मारत नाही. बांधाला मुळं हवीत.

दादरकरीण
८ जुलै, सकाळी ११:००

नेरळवाला, एक शंका. पूर्वी तणाचं काय करत होते? आमच्या सासूबाई भाजावळीचं सांगायच्या, त्याचा काही संबंध?

नेरळवाला
८ जुलै, दुपारी २:१५

संबंध आहेच. राब भाजायचा म्हणजे रोपाच्या जागेवर फांद्या, पातेरा, शेण पसरून उन्हाळ्यात जाळायचं. वरच्या थरातलं तणाचं बी त्यात मरायचं. मग चिखलणी करून पाणी उभं ठेवायचं, पाण्याखाली बरंच तण उगवत नाही. उरलेलं हाताने. आणि बांधावरचं गवत म्हणजे तण नव्हतंच, तो गुरांचा चारा. रोज एक भारा कापला जायचा. गुरं गेली तेव्हा ते गवत तण झालं.

वऱ्हाडी
८ जुलै, दुपारी २:४०

'गुरं गेली तेव्हा ते गवत तण झालं.' आमच्याकडे बैलजोडी गेली आणि डवरणी गेली. पिकाच्या दोन ओळींमधून बैलाचा डवरा चालला की निम्मं निंदण वाचायचं. आता डवऱ्याला बैल नाही म्हणून पंप. एक भर घालतो. सतत हेच एक औषध मारलं की मरत नाही ते तण मागे उरतं आणि तेच बी धरतं. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्येच असं न मरणारं रायग्रास नावाचं गवत सापडलं होतं, अमेरिकेत तर रानमाठाच्या जातीने कापूस-सोयाबीनवाल्यांना पुन्हा हाताने तण उपटायला लावलं. आमच्या शिवारात केना आता एका फवारणीला जुमानत नाही. काका मात्रा वाढवतात. मी फोनवरून नको म्हणतो आणि ते मला विचारतात, "तू येतो का निंदायले?"

चाकरमानी_भांडुप
८ जुलै, रात्री १०:०५

तो शेवटचा प्रश्न मला भावाने विचारला नाही, त्याच्या स्वभावात नाही ते. पण प्रश्न तोच आहे.

कॅनचं काम झालं. पुतणीने फोनवर व्हिडिओ लावून माझ्यासमोर खिळ्याने भोकं पाडली. मागच्या पडवीत आणखी दोन निघाले, एकात आई चुलीसाठी रॉकेल ठेवत होती. हातमोजे आणि गमबूट इथून पाठवतोय. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ज्या ताईंनी आईबद्दल लिहिलं त्यांचे. मी भावाला दोष देणार होतो, ते आता होणार नाही.

चाकरमानी_भांडुप
१९ ऑगस्ट, रात्री ९:३०

धागा वर काढतोय, कारण पुढे काय झालं ते सांगायला हवं.

जुलैच्या शेवटी दोन दिवस संततधार लागली आणि खालच्या खाचराचा बांध साधारण बारा हात बसला. भावाने स्वतःहून फोन केला. म्हणाला, "दादा, मुळंच नव्हती रं त्याला." आवाज पडलेला होता. बांध नुसता पिवळा पडला होता तेव्हा मला वाईट वाटलं, ते भाजीसाठी. त्याला वाईट वाटलं ते वर्षाच्या भातासाठी.

गणपतीसाठी धरून ठेवलेल्या रजेतले चार दिवस आधीच घेऊन गेलो. धाकटा मुलगाही आला, बारावी झाल्यावर पहिल्यांदाच. पहिले दोन दिवस दगड आणि माती रचून बांध उभा केला, वर हराळीचे ठोंब लावले. तिसऱ्या दिवशी उरलेले बांध कापायला घेतले. विळा धरायची सवय गेलेली, दुपारपर्यंत हाताला तीन फोड. भाऊ एकटा माझ्या दुप्पट पुढे. मुलाने शेजारच्या वाडीतून पेट्रोलचं ग्रासकटर दिवसाच्या भाड्याने आणलं, त्याने काम उरकलं. ठरलं ते असं: बांधावर आणि पाण्याच्या कडेला औषध नाही. काजूच्या आळ्यांत आणि वाटेवर लागलं तर वर्षातून एकदा, नोझलला टोपी लावून. ग्रासकटर आम्ही तीन चाकरमानी मिळून विकत घेतोय. चालवणार भाऊ, आणि त्या दिवसांची मजुरी त्याला आम्ही द्यायची. ही अट मी घातली. तो नको म्हणत होता.

टाकळा आता जून झालाय, भाजीला उपयोगाचा नाही. पण मागच्या गडग्यापाशी आईने दोन रोपं राखलीत, शेंगा धरल्यात. त्यांचं बी ती बांधाला टाकणार आहे.

निवृत्त_रसायनवाला
२० ऑगस्ट, सकाळी ७:१५

शेंगा पूर्ण वाळू द्या. टाकळ्याच्या बियांचं कवच टणक असतं, सगळं बी एकाच पावसात उगवत नाही. काही पुढच्या वर्षी येईल, काही त्यानंतर.